मिठाचा खडा : विश्वास आणि संशयाचे इंग्रजी वाक्प्रचार

फौजी मेसमध्ये गोष्टी रंगतात हे जुन्या मंडळींना सांगायला नको. बर्फातली वाट, रात्रीची गस्त, जंगलात समोर आलेला हत्ती. दर वर्षी बर्फ दोन फुटांनी वाढतो आणि हत्ती दोन पावलं जवळ येतो. सांगणारा फारच ताणायला लागला की कोपऱ्यातून एखादा सीनियर पेपर खाली न ठेवता म्हणतो, 'टेल इट टू द मरीन्स!' म्हणजे बाबा रे, ही थाप मरीन्सना जाऊन सांग, इथे कुणी मानणार नाही.

इंग्रज गेले, पण त्यांचे असे बरेच वाक्प्रचार आमच्या मेसमध्ये राहिले. त्यातल्या विश्वास आणि संशय यांच्याशी संबंधित वाक्प्रचारांनी मला बरीच वर्षं नादी लावलं आहे. कारण उघड आहे. आमचा सगळा व्यवहार विश्वासावर चालतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, डाव्या बाजूची पोस्ट रात्रभर जागी राहील का, समोरून आलेली खबर खरी की पेरलेली, याच्यावर माणसं जगतात किंवा मरतात. त्यामुळे फौजेत विश्वासाला मान आहे, आणि संशयाला नाही. ब्रीफिंग संपताना 'एनी डाउट्स?' असं विचारलं जातं खरं, पण तिसरी शंका काढणाऱ्याकडे लोक कसे बघतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्याला लगेच 'डाउटिंग थॉमस' नाव पडतं.

पण या शब्दांचा इतिहास उलगडत गेलो तसं निराळंच दिसायला लागलं. ते सांगण्यासाठी हा लेख.

मरीन्सना सांगा

सुरुवात मरीन्सपासूनच करू. मरीन म्हणजे जहाजावरचा शिपाई. इंग्लंडमध्ये अशी पहिली पलटण १६६४ साली उभी राहिली. शिडं, दोरखंड, डोलकाठी ही कामं खलाशांची. मरीन बंदूक घेऊन डेकवर उभा. खलाशांच्या लेखी हा जमिनीवरचा प्राणी. समुद्राबद्दल त्याला काहीही सांगा, भोळा खरं मानेल. त्यातून हा टोमणा निघाला : मरीन्सना सांगा, खलाशी नाही फसायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी लेखनात तो सापडतो. बायरनने १८२३ साली तो एका काव्यात वापरला, तेव्हा ही जुनीच म्हण असल्याचं त्यानेच नमूद केलं होतं.

मरीन्सना अर्थातच हे झोंबत असणार. मग एक वेगळी गोष्ट प्रचारात आली. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या दरबारात, सॅम्युअल पेपिस हजर असताना, कुणीतरी उडणाऱ्या माशांची हकिकत सांगितली. राजाला पटेना. त्याने मरीन्सच्या कर्नलला, सर विल्यम किलिग्रूला, विचारलं. कर्नल म्हणाला, महाराज, मी स्वतः पाहिलेत. तेव्हा राजाने ठरवलं की साऱ्या समुद्रांवर हिंडणाऱ्या या लोकांइतकी जाण दुसऱ्या कुणाला नाही; यापुढे एखादी गोष्ट अविश्वसनीय वाटली, तर ती आधी मरीन्सना सांगून पडताळायची. झालं! टोमण्याचं मानपत्र झालं.

ही गोष्ट अनेक पुस्तकांत खरी म्हणून छापली गेली. प्रत्यक्षात ती रचली होती डब्ल्यू. पी. ड्र्यूरी या लेखकाने, १९०४ साली. हा ड्र्यूरी स्वतः मरीन्समधला मेजर! पेपिसच्या प्रसिद्ध रोजनिशीत असं काही नाही. आपण गंमत म्हणून हे लिहिलं, असं पुढे ड्र्यूरीने स्वतःच सांगून टाकलं.

थाप कशी बांधली आहे ते जरा फौजी नजरेने बघा. राजा खरा. पेपिस खरा. किलिग्रू हा त्या पहिल्या पलटणीचा खरोखरचा कर्नल. उडणारे मासेही खरे. फक्त प्रसंग खोटा. शत्रूने पेरलेली खबर नेमकी अशीच असते. चार खऱ्या वस्तूंच्या मध्ये एक खोटी ठेवलेली. आणि ती आपल्याला पटते, कारण ती आपल्याला हवीहवीशी वाटते. अविश्वासाच्या म्हणीचीच जन्मकथा खोटी निघावी, यापेक्षा चांगला धडा कोणता?

शब्द कुठून आले

आता म्हणी बाजूला ठेवून नुसते शब्द पाहू. 'डाउट' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'दुओ' म्हणजे दोन हा शब्द आहे. आपला 'द्वि' त्याचाच भाऊ. मन दोन वाटांवर उभं राहणं म्हणजे डाउट. आपण 'मन द्विधा झालं' म्हणतो ते अगदी तेच. जर्मन भाषेतही संशयाला 'त्स्वायफेल' म्हणतात, त्यातही 'त्स्वाय' म्हणजे दोनच. त्या हिशेबाने संशय म्हणजे नकार नव्हे. दोन शक्यता एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवणं म्हणजे संशय. आमच्याकडे शत्रूच्या संभाव्य चाली कागदावर मांडतात, तेव्हा आम्ही दुसरं काय करतो?

या शब्दातला 'बी' बोलताना उच्चारत नाहीत. मधल्या काळात तो नव्हताच. लॅटिन मूळ दाखवायचं म्हणून पंडितांनी तो मागाहून घातला. त्याची लागण मग एका फौजी शब्दालाही झाली. 'रिडाउट' म्हणजे मोर्च्यातला छोटा, स्वतंत्र लढणारा कोट. त्याचा डाउटशी काहीही संबंध नाही; तो 'माघार घेण्याची जागा' या अर्थाच्या शब्दापासून आला. पण दिसायला सारखा, म्हणून त्यातही 'बी' घुसला आणि आजतागायत ठाण मांडून आहे. घुसखोर फक्त सीमेवरूनच येतात असं नाही!

विश्वासाच्या बाजूचे शब्द आणखी जवळचे निघतात. लॅटिनमधला 'क्रेदो', म्हणजे 'मी मानतो', हा आपल्या 'श्रद्धा' या शब्दाचा सख्खा चुलत भाऊ आहे. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ दोन्हींचा मूळ अर्थ 'हृदय ठेवणे' असा लावतात. क्रीड, क्रेडिट, क्रेडेन्शियल्स ही त्याचीच मुलंबाळं. म्हणजे गेटवरचा संत्री तुमचे क्रेडेन्शियल्स मागतो, तेव्हा तो एका अर्थी तुमच्यावर श्रद्धा ठेवायला काही आधार मागत असतो.

'ट्रू', 'ट्रस्ट' आणि शस्त्रसंधीसाठीचा 'ट्रूस' हे तिन्ही एका कुळातले. त्यांचं नातं 'ट्री' म्हणजे झाडाशी आणि संस्कृतमधल्या 'दारु' म्हणजे लाकडाशी जोडतात. देवदारमधला 'दार' तोच. ज्यांनी हिमाचल-काश्मीरमध्ये दिवस काढलेत त्यांना देवदाराचं खोड डोळ्यांसमोर आणायला सांगतो. वाऱ्यात शेंडा हलतो, बुंधा हलत नाही. ट्रस्टची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही.

मराठीत आपला 'विश्वास' श्वासापासून आला; ज्याच्याजवळ निर्धास्त श्वास घेता येतो तो विश्वासाचा. आणि मराठीत विश्वास कधी गेला याची तारीखही आहे : १४ जानेवारी १७६१. 'विश्वास तर पानिपतात गेला' ही कोटी करताना विश्वासराव पेशव्यांचं नाव आणि मनातला भरवसा एकाच शब्दात येतात. हसता हसता घशात काहीतरी अडकतं.

मिठाचा एक कण

'टेक इट विथ अ ग्रेन ऑफ सॉल्ट', म्हणजे ऐकलंस ते जरा मिठाचा कण घालून घे, सगळंच खरं मानू नकोस. याचं मूळ सांगताना थोरल्या प्लिनीचं नाव घेतलं जातं. प्लिनी म्हणजे रोमन ज्ञानकोशकार. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे तो जर्मनीच्या आघाडीवर घोडदळात अधिकारी होता, आणि सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा रोमन आरमाराचा एक ताफा त्याच्या हाताखाली होता. त्या उद्रेकातच तो गेला.

प्लिनीने एक कृती नोंदवली आहे. पाँटसचा राजा मिथ्रिदातिस याने रोमशी अनेक वर्षं झुंज घेतली. विषप्रयोगाची त्याला कायम धास्ती, म्हणून तो विषावरचे उतारे घेत असे. पाँपे या रोमन सेनापतीने त्याचा पराभव केल्यावर राजाच्या खाजगी कागदांत त्याच्याच हस्ताक्षरातली कृती सापडली : दोन सुके अक्रोड, दोन अंजिरं, सतापाची वीस पानं, सगळं एकत्र कुटायचं आणि त्यात मिठाचा एक कण घालायचा. सकाळी उपाशीपोटी घेतलं की त्या दिवशी विष बाधणार नाही.

इथे नीट बघितलं पाहिजे. प्लिनीच्या मजकुरातलं मीठ हे खरोखरचं मीठ आहे. त्यात संशयाचा मागमूस नाही. 'जरा शंका ठेवून ऐका' हा अर्थ या शब्दांना इंग्रजीत सतराव्या शतकात चिकटलेला दिसतो, म्हणजे प्लिनीनंतर दीड हजार वर्षांहून अधिक काळाने. कदाचित विषावरचा उतारा तो खोट्यावरचाही उतारा, असं कुणाला सुचलं असेल. पण 'प्लिनीने ही म्हण दिली' असं कुणी ठामपणे सांगितलं, तर त्यावरही मिठाचा कण टाकावा लागेल.

मीठ आणि शिपाई यांची आणखी एक गोष्ट फार लोकप्रिय आहे : रोमन शिपायांना पगार मिठात मिळायचा, म्हणून 'सॅलरी'. शब्दाचं नातं मिठाशी आहे हे खरं. लॅटिनमध्ये भत्त्याला 'सालारियुम' म्हणत आणि त्यात 'साल' म्हणजे मीठ आहे. पण शिपायांना खरोखर मीठ मोजून दिलं जात होतं असा पुरावा मिळत नाही. व्याख्यानांत मात्र हे दर वेळी ठोकून दिलं जातं, आणि शिपाईगडी टाळ्या वाजवतात. आपल्या धंद्याबद्दलची गोष्ट म्हटली की आपलं मीठ कमी पडतं!

मराठीत याच मिठाने वेगळे संसार थाटले. 'खाल्ल्या मिठाला जागणं' ही तर शिपाईगिरीची पहिली अट. तिथे मीठ म्हणजे निष्ठा. 'तिखटमीठ लावून सांगणं' यात मीठ घालतो तो सांगणारा, थाप चवदार व्हावी म्हणून. इंग्रजीत मीठ घालतो ऐकणारा, थाप बाधू नये म्हणून. आणि 'दुधात मिठाचा खडा' पडला की संपलंच. म्हणजे ब्रीफिंगला बसलेल्या मराठी अधिकाऱ्याची पंचाईत बघा. मीठ खाल्लंय म्हणून निष्ठा हवी, पण वरून आलेल्या खबरेवर मिठाचा कणही टाकायला हवा. आणि तो टाकला तर लोक म्हणणार, याने दुधात खडा टाकला. लेखाचं नाव त्यावरूनच.

थोमाची टेकडी

आता चेन्नई. माझं एक पोस्टिंग या शहरात झालं. तिथली ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी ज्या भागात आहे त्याचं नाव सेंट थॉमस माउंट. तमिळमध्ये 'परंगी मलै', म्हणजे फिरंग्यांची टेकडी. ज्याच्या नावाने जगभरच्या संशयी माणसांना चिडवतात तो थॉमस हाच. मराठी बायबलमध्ये त्याला थोमा म्हटलं आहे. परंपरा असं मानते की तो सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि सन ७२ मध्ये या टेकडीवर भाला लागून मारला गेला. ही परंपरा फार जुनी आहे. इतिहासकारांत मात्र तिच्याबद्दल एकमत नाही. थोमाच्या बाबतीत एकमत नसावं हे एका परीने शोभतंच.

योहानाच्या शुभवर्तमानातला प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. क्रूसावर मरण पावलेला येशू पुन्हा उठला आणि शिष्यांना दिसला. थोमा तेव्हा तिथे नव्हता. बाकीच्यांनी सांगितलं, पण तो म्हणाला की खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय आणि जखमेत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठवड्याने येशू पुन्हा आला आणि म्हणाला, ये, हात लाव. पुढे काय झालं? विचारा कुणालाही, उत्तर येतं की थोमाने जखमेत बोट घालून पाहिलं. पण मूळ मजकुरात त्याने हात लावल्याचा उल्लेखच नाही. तो थेट श्रद्धेचा उद्गार काढतो. जखमेत बोट घातलं ते काराव्हाज्जोच्या १६०१-०२ च्या सुमाराच्या प्रसिद्ध चित्रात, आणि तसंच इतरही चित्रकारांनी रंगवलं. संशयाच्या सर्वांत प्रसिद्ध गोष्टीतला सर्वांत प्रसिद्ध तपशील लोकांनी न तपासता मानला आहे!

मला भावतो तो थोमाचा दुसरा प्रसंग, जो कुणी सांगत नाही. त्याच शुभवर्तमानात, आधीच्या भागात, येशू बेथानीला जायला निघतो. तिथे जाणं म्हणजे जिवावरचा खेळ; त्या मुलखातल्या लोकांनी नुकताच त्याला दगडमार करायचा प्रयत्न केलेला असतो. शिष्य कचरतात. तेव्हा हाच थोमा बाकीच्यांना म्हणतो, चला, आपणही त्याच्याबरोबर जाऊ आणि मरायचं तर बरोबर मरू.

म्हणजे पुरावा मागणारा आणि मरायला आधी पाऊल टाकणारा माणूस एकच आहे. फौजेत मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. नकाशावर बोट ठेवून 'सर, इथून नाला पार होणार नाही' म्हणणारा सुभेदार, निर्णय झाल्यावर त्याच नाल्यात सर्वांच्या पुढे असतो. आणि 'येस सर, नो डाउट सर' म्हणणारा कुठे असतो, ते जुन्या लोकांना सांगायला नको. आणखी एक योगायोग : अरामी भाषेत थोमा म्हणजे जुळा. पुन्हा तेच, दोन!

टेकडीवरचा दुसरा संशयी

याच टेकडीवर आणखी एक संशयी माणूस येऊन गेला. विल्यम लॅम्ब्टन, ब्रिटिश पायदळाच्या ३३व्या पलटणीतला अधिकारी. सर्वेक्षणाच्या इतिहासात त्याची एक गोष्ट सांगतात. एप्रिल १७९९, श्रीरंगपट्टणची मोहीम. जनरल बेअर्डची तुकडी रात्रीच्या अंधारात कूच करत होती. लॅम्ब्टनने ताऱ्यांकडे पाहिलं आणि जनरलला सांगितलं की आपण उत्तरेला नाही, दक्षिणेला चाललो आहोत. म्हणजे सरळ टिपूच्या सैन्याच्या तोंडी. मला ताऱ्यांची गरज नाही, अशा अर्थाचं काहीतरी जनरल गुरगुरला. पण मग होकायंत्र पाहण्यात आलं. लॅम्ब्टन बरोबर होता. तुकडी वळली.

क्षणभर त्या जागी स्वतःला उभं करून बघा. रात्र, हजारभर पावलांचा आवाज, पुढे घोड्यावर जनरल, आणि एक कनिष्ठ अधिकारी म्हणतो, दिशा चुकली. तो गप्प बसला असता तर त्याला कुणी दोष दिला नसता. सकाळी दोष द्यायला कुणी उरलंही नसतं कदाचित.

तीन वर्षांनी, एप्रिल १८०२ मध्ये, याच लॅम्ब्टनने सेंट थॉमस माउंटजवळ आपली पहिली आधाररेषा मोजायला घेतली. शंभर फुटी पोलादी साखळी. ती मुळात चीनच्या सम्राटासाठी नेलेल्या नजराण्यातली. साडेसात मैल मोजायला सत्तावन्न दिवस लागले. उन्हाने पोलाद वाढतं, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून शेजारी थर्मामीटर. स्वतःच्या साखळीवरही विश्वास नाही! त्या अविश्वासातून भारताचं महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभं राहिलं, आणि पुढच्या पिढीत त्याच जाळ्यातून एव्हरेस्टची उंची निघाली. आज आम्ही ज्या नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, तो डोळे उघडे ठेवणाऱ्यांनी काढलेला आहे.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट. लॅम्ब्टन मापं घेत घेत उत्तरेकडे सरकत असताना, जानेवारी १८२३ मध्ये, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपूर-वर्ध्याकडे जाणं झालं तर जरूर थांबा.

कस, प्रूफ आणि टेस्ट

तपासणीच्या शब्दांत इंग्रजी आणि मराठी अगदी हातात हात घालून चालतात, कारण दोघांनीही ते सोनारांकडून उचलले. 'टचस्टोन' म्हणजे कसोटीचा काळा दगड. त्यावर सोनं घासून रेघ बघायची. 'अ‍ॅसिड टेस्ट' म्हणजे त्या रेघेवर नायट्रिक अ‍ॅसिड टाकायचं. खोटं विरघळतं, सोनं राहतं. खुद्द 'टेस्ट' हा शब्द धातू पारखण्याच्या मातीच्या भांड्यावरून आला. त्यामुळे टेस्ट मॅचला 'कसोटी सामना' म्हणणाऱ्याने नकळत अगदी अचूक भाषांतर केलं : तिकडे सोनाराचं भांडं, इकडे सोनाराचा दगड.

'प्रूफ' या शब्दाचा जुना अर्थ पुरावा नसून परीक्षा. 'द प्रूफ ऑफ द पुडिंग' म्हणजे पुडिंगची परीक्षा खाल्ल्यावर होते. तोफखान्यातल्या मंडळींना हा अर्थ वेगळा सांगायला नको. इटारसीचं सेंट्रल प्रूफ एस्टॅब्लिशमेंट किंवा ओडिशात चांदीपूरची रेंज इथे तोफा आणि दारूगोळा 'प्रूफ' होतो, म्हणजे प्रत्यक्ष डागून पारखला जातो. डागल्याशिवाय विश्वास नाही. त्यात तोफेचा अपमान आहे असं आजवर कुठल्याही तोफेला वाटलेलं नाही, माणसांनाच वाटतं.

घोड्याच्या दोन म्हणी उभ्याउभ्या सांगतो. घोड्याचं वय दातांवरून कळतं. म्हणून अस्सल खबर ती 'घोड्याच्या तोंडून' आलेली. ही रेसकोर्सवरच्या टिपांची भाषा. पण 'भेट मिळालेल्या घोड्याचे दात बघू नयेत', हेही इंग्रजीच सांगते. आपल्याकडची 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हण तोच सल्ला जास्त ठसक्यात देते. दोन्हींचा मेळ सोपा : गाय दानात आली तर दात मोजू नका, खबर दानात आली तर जरूर मोजा.

सैतानाचा वकील

'डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट' हा शब्द आज कुणीही वापरतो, पण ते एकेकाळी खरंखुरं पद होतं. कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला संतपद द्यायचं तर त्याच्या विरुद्ध बाजू मांडायला एक अधिकारी नेमलेला असे. चमत्कारात खोट काढायची, साक्षी तपासायच्या, चारित्र्यावर बोट ठेवायचं. सन १५८७ मध्ये पोप पाचव्या सिक्स्टसने हे पद रीतसर स्थापलं. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. पण त्याचं अधिकृत नाव काय होतं? 'श्रद्धेचा प्रवर्तक'. संशय घेणाऱ्याला चर्चने श्रद्धेचा शत्रू मानलं नाही, श्रद्धेचा नोकर मानलं. १९८३ मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी या प्रक्रियेत बदल करून त्या पदाचं महत्त्व बरंच कमी केलं.

या पदाची किंमत एका सैन्याला रक्त सांडून कळली. १९७३ साली इजिप्तने सुएझ कालव्याकाठी पुन्हा पुन्हा जमवाजमव केली आणि पुन्हा पुन्हा सैन्य माघारी नेलं. मे महिन्यात इस्राएलने धोका मानून राखीव सैन्य बोलावलं; मोठा खर्च झाला, घडलं काहीच नाही. शिवाय त्यांच्या गुप्तवार्ता विभागात एक समजूत पक्की बसली होती की लांब पल्ल्याची विमानं आणि क्षेपणास्त्रं हाती आल्याशिवाय इजिप्त लढाईत पडणार नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा हालचाल दिसली, तेव्हा तीही कवायतच धरली गेली. ६ ऑक्टोबरला हल्ला आला. पुढे अग्रानात आयोगाने चौकशी केली, आणि त्या विभागात सर्वमान्य मताच्या उलट बाजू मांडण्यासाठीच एक शाखा निर्माण झाली. तिच्या पद्धतीला 'इप्खा मिस्ताब्रा' म्हणतात. ज्यूंच्या धर्मचर्चेतला हा अरामी शब्दप्रयोग, अर्थ साधारण असा की 'उलटंच खरं असावं'.

'लांडगा आला रे आला' ही इसापाची गोष्ट तुम्हाला आठवली असेलच. शाळेत आपल्याला तिचं तात्पर्य मुलाच्या बाजूने शिकवतात : खोटं बोलू नये. पण फौजी माणसाने ती गावकऱ्यांच्या बाजूने वाचावी. शेवटच्या दिवशी मुलगा खरं बोलत होता, आणि मेंढरं गावाची गेली.

यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता विभागात एक साधी रीत बसली, जी पुढे जगभरच्या सैन्यांत पसरली. खबर देणाऱ्याला ए ते एफ अशी श्रेणी, आणि खबरीला स्वतंत्रपणे १ ते ६ असा आकडा. माणूस किती भरवशाचा हे वेगळं, आणि या वेळी तो सांगतोय ते किती संभाव्य हे वेगळं. एकाची छाया दुसऱ्यावर पडू द्यायची नाही. इसापाचा तो मुलगा 'ई', पण त्या दिवशीची त्याची खबर '१'. आणि मेजर ड्र्यूरीची गोष्ट? सांगणारा सभ्य, गणवेषातला, 'ए' वाटावा असा. खबर मात्र अगदी तळाची.

विश्वास ठेवा, पण तपासा

शेवटचा वाक्प्रचार इंग्रजीत रुळला तो आमच्या शाळकरी वयात. ८ डिसेंबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याच्या करारावर सह्या केल्या. रेगनने तेव्हा एक रशियन म्हण म्हटली : 'दव्येर्याय, नो प्रव्येर्याय'. विश्वास ठेवा, पण तपासा. तुम्ही प्रत्येक भेटीत हेच म्हणता, असं गोर्बाचेव्ह हसत म्हणाले आणि सभा हसली. पण त्या करारात एकमेकांच्या तळांवर जाऊन पाहणी करण्याची तरतूद होती, आणि १९९१ पर्यंत दोन्ही बाजूंची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली. नुसत्या विश्वासावर ती झाली नसती, आणि नुसत्या संशयावर करारच झाला नसता.

त्या म्हणीतले दोन्ही शब्द एकाच मुळातून निघाले आहेत : 'व्येरा', म्हणजे श्रद्धा. रशियन भाषेत तपासणं हे विश्वास ठेवण्याच्याच पोटी जन्मलं आहे. इंग्रजीत हे शब्द दोन दिशांना तोंड करून उभे वाटतात, म्हणून मधला 'पण' जड होतो. रशियनमध्ये तो जवळजवळ 'आणि' आहे.

माझ्या तरुण अधिकारी मित्रांना एवढंच सांगणं. तुमच्या कंपनीत एखादा थोमा असेल तर त्याला जपा. तो प्रश्न विचारतो, कारण त्याला त्या नाल्यात उतरायचं आहे. आणि कुणीच शंका काढत नसेल, तर एकाला रीतसर ते काम नेमून द्या. मग त्यात कुणाची बदनामी होत नाही. निर्णय झाल्यावर मात्र बुंध्यासारखं उभं राहायचं. दोन्ही गोष्टी एकाच मिठाला जागण्यातल्या आहेत.

एक शब्द मुद्दाम शेवटासाठी ठेवला होता. इंग्रजीतला 'बिलीव्ह'. त्याच्या मुळाशी 'लव्ह' आहे. एखाद्या गोष्टीवर जीव जडणं म्हणजे ती मानणं. हेच मूळ संस्कृतात 'लुभ्' होऊन बसलं, आणि त्यातून आपला 'लोभ' आला. पुढे लोभाला वाईट वास चिकटला, पण आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटच्या ओळीत तो मूळच्या गोड अर्थाने अजून टिकून आहे. चुलतभावाचं नातं धरलं तर ती ओळ लिहिणारा माणूस 'माझ्यावर विश्वास असू द्या' असंच म्हणत असतो. तेव्हा, वर सांगितलेलं सगळं जरूर तपासून पाहा, आणि

लोभ असावा, ही विनंती.

जय हिंद!